वायरीला पाटी कुठे लावायची?

२०२०च्या टाळेबंदीत रविवारची उपासना यूट्यूबवर गेली, ती चर्चची दारं उघडल्यावरही तिथेच रेंगाळली. तेव्हापासून कमिटीच्या बैठकीत सगळ्यात भाविकपणे उच्चारला जाणारा शब्द म्हणजे ‘फोर-के’. फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके. ते पाहायचे कुठे, तर घरी बसलेल्या आजीच्या सहा इंची मोबाइलवर, तेही अपलोड अडखळलं नाही तर. पाळकांच्या कपाळावरचा घाम मोजता येईल, प्रवचन मात्र घुमत राहील. कारण आवाज कॅमेऱ्याच्याच माइकने घेतलेला, शेवटच्या बाकामागून, पंख्याच्या साथीने. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात विश्वास कानाशी जोडलाय, डोळ्यांशी नव्हे. पण त्याच्याकडून कोटेशन कोण मागवतो!

‘कॅमेरा एकदाच घ्यायचा, तर भारीच घेऊ,’ हे म्हणणं रास्त वाटतं. पण फोटोचे कित्येक भारी कॅमेरे युरोपातल्या जकातीच्या जुन्या नियमापायी अर्धा तास भरायच्या आत रेकॉर्डिंग थांबवत आले. तेवढ्यात आपल्याकडे प्रवचनाची प्रस्तावना होते. मग मोबाइल काय वाईट? वेदीपासून चार हातांवर ठेवलात तर काहीच नाही. मागून डिजिटल झूम केलात की पाळक आणि मागचा पडदा एकजीव. त्यापेक्षा ऑप्टिकल झूम असलेला, बाहेरचा माइक जोडता येणारा, चार्जर लावून तासन्‌तास चालणारा आणि एचडीएमआयमधून बॅटरीच्या खुणेविना स्वच्छ चित्र देणारा साधा हॅंडीकॅम घ्यावा, आणि उरलेल्या पैशांत साउंड मिक्सरपासून वायर ओढावी. अडचण एकच: वायरीवर ‘यांच्या स्मरणार्थ’ची पाटी बसत नाही.