अध्यक्ष, नवा मोंढा, परभणी

अध्यक्षांना अध्यक्ष कुणी केलं, हे नव्या मोंढ्यात कुणालाच सांगता येत नाही. निवडणूक झालेली नाही आणि पायउतार होण्याचा विषय कधी निघालेला नाही. चहाच्या गाड्याशेजारच्या बाकड्याचं सावलीतलं टोक त्यांचं, एवढं मात्र हमालांपासून आडत्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पोटापाण्यासाठी त्यांचं खता-बियाण्याचं दुकान आहे, पण ते चिरंजीव बघतात. अध्यक्षांकडे भारतीय क्रिकेट संघ आहे.

मुंबईला अजित आगरकर नावाच्या गृहस्थांनी 2023 मध्ये निवड समितीचं हेच काम हाती घेतलं, याची अध्यक्षांना कल्पना आहे. त्यांच्याबद्दल ते वाईट बोलत नाहीत. "पोरगं हुशार हाय, पण त्याला कुणी सांगणारं न्हाई," एवढंच म्हणतात. लॉर्ड्सवर कसोटी शतक ठोकलेला, पन्नाशीला टेकलेला माणूस अध्यक्षांच्या लेखी पोरगं आहे. त्यांनी स्वतः शेवटची बॅट कधी धरली हे विचारायची मोंढ्यात पद्धत नाही.

असे अध्यक्ष जिल्ह्यात तालुक्याला एक आहेत. जिंतूरचा अध्यक्ष वेगवान गोलंदाजीतला, गंगाखेडचा फलंदाजीचा क्रम बदलण्यात वस्ताद, आणि सेलूचा नुसता पंचांवर बोलतो. नऊ तालुके, नऊ अध्यक्ष. "1 मे 1999 ला हिंगोली तोडली नसती तर आपला अकराचा संघ पुरा होता," असं आमचे अध्यक्ष हळहळतात. हिंगोली आणि कळमनुरी धरून अकरा, वसमत बारावा गडी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या म्हणीवर त्यांचं स्वतंत्र भाष्य आहे. जर्मनीला क्रिकेटमध्ये कोण विचारतो? म्हणजे या विषयापुरतं जगातही परभणीच.

त्यांची खरी मास्टरी मातीत आहे. बाकीचे लोक फूटवर्क आणि स्ट्राइक रेट बोलतात. अध्यक्ष खेळपट्टीपासून सुरू करतात आणि बहुतेक वेळा तिथंच थांबतात. काळ्या मातीची खेळपट्टी हा आपला घरचा विषय, उन्हाळ्यात पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात ती माती आपण जन्मापासून बघतो, असा त्यांचा दावा. त्यामुळे ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडनं गहुंजेला आपल्याला हरवलं, तो त्यांना वैयक्तिक अपमान वाटला. फिरकीसाठी खेळपट्टी केली आणि त्यांच्याच सँटनरनं 13 बळी घेतले. घरच्या मैदानावर 12 वर्षं एकही कसोटी मालिका हरलो नव्हतो, ती साखळी तुटली.

"वाफसा बघितला का कुणी? ओल किती होती? 1972 ला सरकारनं इथं कृषी विद्यापीठ कामून काढलं? माती तपासणारे वसमत रोडला बसलेत अन् हे खेळपट्टी करायलेत पुण्याला!"

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक पोरगा बसतो. चालू घडामोडी म्हणून तो क्रिकेटही पाठ करतो. तो शांतपणे म्हणाला, "पण अध्यक्ष, पुढची कसोटी वानखेडेवर होती. तिथं लाल माती. 147 करायचे होते, 121 मध्ये आटोपलो."

"लाल माती आपला विषय न्हाई. कोकणातल्या कुणाला तरी विचार."

त्याच मालिकेत बंगळुरूला नाणेफेक जिंकून, ढगाळ हवेत आपण आधी फलंदाजी घेतली आणि 46 धावांत सर्व बाद झालो. त्यावर मी चार समीक्षकांचे लेख वाचले. अध्यक्षांनी जे एका वाक्यात सांगितलं त्याच्यापुढं कुणी गेलेलं नाही: "आभाळ आल्यावर खळ्यावर माल उघडा टाकतं का कुणी?"

खेळाडूंचा फॉर्म ते पैसेवारीनं काढतात. महसूल खातं पिकाची काढतं, तशीच. पन्नास पैशांच्या वर असेल तर पीक बरं, आत आली की दुष्काळ जाहीर. विराट कोहलीची कसोटीतली सरासरी पन्नासच्या खाली घसरली तेव्हा अध्यक्षांनी दुष्काळ जाहीर केला, पण मदत मात्र चालू ठेवली. "एक हंगाम गेला म्हणून जमीन विकतं का कुणी?" मे 2025 मध्ये कोहलीनं कसोटी सोडली तेव्हा त्याची पैसेवारी 46.85 होती, हे आमच्या परीक्षार्थीनं दोन दशांशांपर्यंत सांगितलं. अध्यक्षांनी त्या दिवशी चहाला नाही म्हटलं. मोंढ्यात ही बातमी कापसाच्या भावाइतकी वेगानं पसरली.

बाकड्यावरच्या आमच्या समितीत एक निवृत्त गुरुजी आहेत. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं धावतं वर्णन ऐकून त्यांचं क्रिकेट घडलं आणि पुढं त्यांनी त्यात फारशी भर घातली नाही. 1975 च्या विश्वचषकात गावसकर 60 षटकं खेळून नाबाद 36 राहिले, तो निर्णय बरोबर होता, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. कुणीही त्यांच्या बाजूनं बोलत नव्हतं. मग डिसेंबर 2020 उजाडला, ॲडलेडला अख्खा भारतीय संघ 36 धावांत गुंडाळला गेला. गुरुजी सकाळीच बाकड्यावर हजर. "सुनीलनं एकट्यानं केल्या होत्या, आणि बादही झाला नव्हता," म्हणाले. पंचेचाळीस वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य होतं ते.

आता सिराज. सिराज हैदराबादचा, पण अध्यक्षांच्या नकाशावर निजामाचं संस्थान क्रिकेटपुरतं अजून शाबूत आहे. "1956 पर्यंत आपलं अन् हैदराबादचं एकच खातं व्हतं," असं म्हणून त्यांनी अझरुद्दीन, लक्ष्मण आणि सिराज या तिघांना मराठवाड्याच्या खात्यावर घेतलं आहे. पंक्चरवाले चाचा या ठरावाचे अनुमोदक. 3 ऑगस्ट 2025, रविवार. ओव्हलवर सिराजनं हॅरी ब्रूकचा झेल घेतला आणि पाय सीमारेषेच्या दोरीवर पडला. 19 वर असलेला ब्रूक 111 करून गेला. अध्यक्षांनी जागच्या जागी सिराजला संघातून काढलं आणि संस्थानातूनही काढलं.

"उसका पाँव लग गया, अध्यक्षसाब, जान के लगाया क्या उने?" चाचा कळवळले.

"दोरी दिसत न्हाई व्हय? आमच्या धुऱ्यावर एक पाय पडला तर भावकी कोर्टात जाती!"

सोमवारी इंग्लंडला 35 धावा हव्या होत्या आणि चार गडी शिल्लक होते. चाचांनी हवेचं मशीन बंद ठेवलं, दोन मोटारसायकली ताटकळत उभ्या. ख्रिस वोक्स निखळलेल्या खांद्याचा हात स्वेटरखाली बांधून मैदानात उतरला तेव्हा अध्यक्षांच्या तोंडून प्रतिपक्षासाठी पहिल्यांदाच "वा" निघालं. मग सिराजनं ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला. डावात पाच बळी, सामना सहा धावांनी खिशात, मालिका 2-2. चाचा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "मी त्याला रागवलो, म्हणून त्यानं मनावर घेतलं."

पण सगळ्या चर्चा शेवटी जातात अनुशेषाकडं. रस्ते, रेल्वे, सिंचन यांचा अनुशेष काढायला समित्या नेमल्या गेल्या, क्रिकेटचा कुणी काढला नाही. तो अध्यक्षांनी तोंडपाठ काढून ठेवला आहे. डिसेंबर 2001, मोहाली, समोर इंग्लंड. बीडला जन्मलेला संजय बांगर आणि औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी, दोघांचीही ती पहिली कसोटी. अध्यक्षांच्या मते मराठवाडा मुक्तिसंग्रामानंतरची दुसरी महत्त्वाची तारीख हीच. दुसऱ्या डावात जिंकायला पाचच धावा हव्या होत्या, तेव्हा गोलंदाज असलेल्या सिद्दीकीला सलामीला पाठवलं आणि त्यानं सामना संपवला. पुन्हा कसोटी मिळाली नाही. "सलामीला गेला, नाबाद आला, सामना जिंकून दिला. कामून काढला, सांगा!" याला आजवर मोंढ्यात कुणाला उत्तर देता आलेलं नाही. आणि बांगर? 2002 ला लीड्सच्या ढगाळ हवेत त्यानं सलामीला 68 धावा केल्या नसत्या, तर मागून द्रविड, सचिन आणि गांगुलीची शतकं झाली असती का? लोकांना तीन शतकं आठवतात. मोंढ्यात 68 आठवतात, आणि इथं मी अध्यक्षांच्या बाजूचा आहे.

"विदर्भाला वेगळी संघटना मिळाली, तीन वेळा रणजी जिंकले," अध्यक्ष बोटं मोडतात. "आपण पुण्याच्या खाली. जायकवाडीचं पाणी वर नाशिक-नगरला अडतं, आपली पोरं पुण्याला अडत्यात." 2024 च्या 19 वर्षांखालच्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात 4 बाद 32 अशी दैना असताना बीडच्या सचिन धसनं 96 धावा करून सामना फिरवला, तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. चार धावांसाठी शतक हुकलं, तेही अनुशेषातच जमा झालं.

या सगळ्या अधिकाराला धक्का बसला तो 29 जून 2024 च्या रात्री. बार्बाडोसला टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना, क्लासेन पेटलेला, दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा. अध्यक्षांनी "संपलं" म्हणून राजीनामा दिला आणि घरी जाऊन झोपले. पुढं बुमरा, पांड्या, सूर्यकुमारचा तो सीमेवरचा झेल, आणि आपण सात धावांनी जिंकलो. सकाळी समितीची बैठक अध्यक्षांच्या गैरहजेरीत झाली. ठराव एकमतानं मंजूर: अध्यक्ष बघत नसले की आपण जिंकतो. मार्च 2025 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्याला त्यांना जिंतूरला मेहुण्याकडं धाडलं. चार गडी राखून जिंकलो. आता पुरावा पक्का झाला.

त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत मुलींचा विश्वचषकाचा अंतिम सामना होता. यावेळी अध्यक्ष हटून बसले. प्रशिक्षक अमोल मुजुमदार, प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये 11 हजारांवर धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. निवड समितीनं न ओळखलेला माणूस म्हणून अध्यक्षांचा त्याच्यावर फार जीव. "हा सामना मी बघणार म्हणजे बघणार!" शेवटी वहिनींनीच पिशवी भरून हातात दिली. "स्मृतीची बॅटिंग मला निवांत बघू द्या," म्हणाल्या. मोंढ्यात वर्गणी निघाली, संध्याकाळच्या एसटीत समितीनं त्यांना बसवून दिलं.

पावसानं सामना उशिरा सुरू झाला. मध्यरात्री दीप्तीनं पाचवा बळी घेतला, हरमनप्रीतनं शेवटचा झेल पकडला आणि मोंढ्यात फटाके लागले. त्या गोंधळात गाडेवाल्याचा फोन वाजला. जिंतूरहून अध्यक्ष.

"जिंकलो ना? माहीत व्हतं मला. आता ऐका, वर्गणी तुम्ही एकाच बाजूची काढली. परतीचं तिकीट कोण देणार?"