जुन्या गाडीला स्थळ

मुंबईत आरे कॉलनीतल्या सारीपुत नगरला मेट्रो ३ ची पहिली गाडी आली ती रुळांवरून नव्हे, ट्रेलरवर बसून. ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. आंध्रातल्या श्रीसिटीहून थेट रस्त्याने! रुळाला चाक लागण्याआधीच बिचारीने आपले खड्डे पाहिले. कारशेडसाठी तोडलेल्या झाडांवरून पेटलेलं भांडण तेव्हा विझलेलं नव्हतं. आता आरेत या गाड्यांचा मुक्काम असतो आणि त्यांचं कोरेपण बघून मला भलताच प्रश्न पडतो: म्हातारपणी या जाणार कुठे?

हे खूळ भाच्याने डोक्यात घातलं. तो नोकरीसाठी जकार्त्याला असतो आणि टोकियोने वापरून झालेल्या लोकलने ऑफिसला जातो. २००० साली टोकियोच्या मिता मार्गावरचे ७२ डबे तिथे गेले, मग शेकड्यांनी जात राहिले. त्याने पाठवलेल्या फोटोत दारावर जपानी स्टिकर तसाच आहे. अक्षर कळत नाही, पण चित्रातल्या पोराचं बोट दारात चेमटलंय, तेवढं सगळ्यांना पुरतं.

हे जमलं, कारण पत्रिका जुळली. दोन्हीकडे रुळांतलं अंतर १०६७ मिलिमीटर, दोन्हीकडे वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी. आपल्या जुन्या लोकलचा करंटही तोच, पण रूळ १६७६ मिलिमीटरचे. या मापाचं सासर म्हणजे बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान, अर्जेंटिना, चिली. आणि, बसा जरा, सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे! तिथे आपली विरार फास्ट, दारातल्या मंडळींसकट... असो.

आपल्याकडे पाठवणी होते ती घरातल्या घरात. २०१५ पासून पश्चिम रेल्वेवर बम्बार्डिअरच्या गाड्या येऊ लागल्या, तशा तिथल्या सीमेन्सच्या गाड्या मध्य रेल्वेकडे आणि हार्बरकडे सरकल्या. हार्बरवाल्यांना त्याचंही कौतुक. वास्तविक ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला धावली ती याच हार्बरवर. डीसी करंटने मुंबईचा शेवटचा निरोप घेतला तोही इथूनच, एप्रिल २०१६ मध्ये. ज्यांच्या दारात वीज पहिल्यांदा आली, त्यांच्याकडे नवी गाडी मात्र इतरांची हौस फिटल्यावर.

टोकियोच्या मारुनोउची मार्गाचे लाल डबे तर नव्वदच्या दशकात थेट ब्यूनस आयर्सच्या भुयारी रेल्वेत नांदायला गेले. तिथे वीसेक वर्षं राबल्यावर २०१६ साली त्यांतले चार टोकियोने चक्क माहेरी परत आणले. आपल्या जुन्या लोकलला कोण बोलावणार? ती भंगारात जाते.

आरेतल्या लेकींचं मात्र बरं आहे. रूळ १४३५ मिलिमीटरचे, जगभर स्थळं. उद्या कुठल्या परमुलखात दारावरची मराठी सूचना कोणाला वाचता येणार नाही, एवढंच.

भाच्याला परवा विचारलं, "जपानी गाडीत बसायला तरी मिळतं ना रे?"

"मामा, गाडी जपानची असली तरी वेळ सकाळी साडेआठची असते."