पगार आहे, कागद आहे का?

अमेरिकेत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाचं लग्न सांगलीत, नाशकात किंवा डोंबिवलीत लागतं, पण ते पुरं होतं काकांच्या डायनिंग टेबलावर. काकांना आडनाव आहे, पण ते फक्त त्यांच्या पत्रपेटीवर उरलंय. बाकी सगळ्या वस्तीला ते 'आठशेचौसष्टवाले काका' म्हणूनच ठाऊक.

आय-८६४ म्हणजे ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. बायकोला किंवा नवऱ्याला कायमचं अमेरिकेत आणायचं तर 'ह्या माणसाला मी पोसेन, सरकारवर भार पडू देणार नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि पोसण्याइतकी मिळकत आहे हे दाखवावं लागतं. हा फॉर्म आला १९९७ च्या डिसेंबरात. त्याआधीचा १३४ नंबरचा फॉर्म म्हणजे, काकांच्या शब्दांत, "नुसती तोंडदेखली हमी. कोर्टात टिकत नसे." हे सांगताना काकांचा आवाज असा काही लागतो की वाटावं, नवा फॉर्म यांनीच मागून घेतला.

काका मुंबईत बँकेत होते. भावानं कागद घातले, बरीच वर्षं रांगेत काढली आणि मग इकडे आले. ते वकील नाहीत, आणि हे ते स्वतःच दर दोन वाक्यांनी बजावतात. "मी वकील नाही हं. पण..." त्या 'पण'नंतर पाऊण तास आपला नाही हे समजून चालायचं. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, बिनसाखरेचा, आणि त्यात चार ग्लुकोज बिस्किटं बुडवतात.

मागे एकदा आमच्या शेजारचा मुलगा त्यांच्याकडे गेला. सॉफ्टवेअरवाला, नागरिकत्व मिळालेला, नुकतंच लग्न झालेला. बायको अजून सांगलीला. रस्ता दाखवायला म्हणून मी बरोबर गेलो आणि तमाशा बघायला म्हणून थांबलो.

"काका, पगार दीड लाख डॉलर आहे. दोन माणसांच्या घराला २०२५ च्या तक्त्यात २६,४३७ डॉलर पुरतात. आपलं काम सोपं आहे."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "पगार आहे. कागद आहे का?"

हे त्यांचं ब्रीदवाक्य. माणूस बोलतो त्याला त्यांच्या लेखी किंमत नाही, कागद बोलला पाहिजे.

"घरात माणसं किती?"

"दोन. मी आणि ती."

"आईला तूच आणलंस ना?"

"हो, पण ती डॅलसला दादाकडे असते."

"डॅलसला जेवते. मोजायची तुझ्याकडे. हमीपत्रावर सही तुझी, आणि ती अजून सिटिझन झालेली नाही. तीन माणसं. ३३,३१२." पेन्सिलीनं दोनावर काट मारून त्यांनी तीन लिहिलं. मुलाचा पगार त्याच्याही चौपटीच्या वर होता, पण त्याचं काकांना काय! आकडा बरोबर झाला, त्यांचा चहा गोड झाला.

दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के मिळकत हवी, हा मूळ नियम. रेषेचा तक्ता दर वर्षी बदलतो आणि काका त्याची वाट दाते पंचांगाची बघावी तशी बघतात. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे असतात. तिकडे आमच्यापैकी कोणीही राहत नाही, तरी काकांना ते तोंडपाठ. सैन्यात असलेल्याला बायकामुलांसाठी शंभर टक्केच पुरतात. हेही ते प्रत्येकाला सांगतात, आणि मग समोरच्या सुटलेल्या पोटाकडे बघून एक उसासा सोडतात.

मग फाइल. पूर्वी तीन वर्षांची टॅक्स रिटर्न्स लागत आणि सही नोटरीसमोर करावी लागे. २००६ साली सरकारनं दोन्ही गोष्टी काढून टाकल्या. एका वर्षाचं रिटर्न बस झालं. काकांनी हा बदल मनाला लावून घेतला. अजूनही ते तीन वर्षांची रिटर्न्स जोडतात. "एकच मागितलंय काका," असं म्हटलं की उत्तर तयार: "लागलं तर?" त्यांच्या या 'लागलं तर'मध्ये पगाराच्या सहा महिन्यांच्या स्लिपा येतात, कंपनीचं पत्र येतं, बँकेची स्टेटमेंटं येतात. आयआरएसचं, म्हणजे टॅक्स खात्याचं, ट्रान्स्क्रिप्ट जोडलं तर डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीचा वर्षाचा पगारदाखला, लागत नाही हे त्यांनीच आम्हाला शिकवलं, आणि डब्ल्यू-टूही त्यांनीच जोडले. हल्ली सगळं स्कॅन करून चढवायचं असतं, त्यामुळे फाइलच्या जाडीचा दरारा अधिकाऱ्यापर्यंत पोचत नाही, ही त्यांची खंत आहे.

डब्ल्यू-टूच्या पहिल्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. नख बारीक कापलेलं, बोटाला पिवळ्या हायलायटरचा डाग.

"पगार दीड लाख ना? इथे तर एक लाख चोवीस हजारच आहेत. सव्वीस हजार कुठे गेले?"

"काका, निवृत्तीसाठीचं फोर-ओ-वन-के. आणि इन्शुरन्सचा हप्ता."

"मला माहीत आहे. पण बीकेसीत खिडकीपलीकडच्या बाई विचारतील तेव्हा तू तिथे नसशील. तुझी बायको असेल. लाव तिला फोन."

मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत बायकोची होते आणि मिळकत नवऱ्याची असते, या पेचावर काकांचा हा उपाय. सांगलीत रात्रीचे साडेदहा. नव्या नवरीनं पदर वगैरे सावरून फोन घेतला. तब्येतपाणी नाही, काही नाही. "सूनबाई, यजमानांच्या पहिल्या चौकटीत किती?" पलीकडून पटकन उत्तर आलं, वर "पाचवीत जास्त आहे, कारण फोर-ओ-वन-के तिथे वजा होत नाही" असंही आलं. मुलगी सीए निघाली. काकांनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला. सहीआधीचा इशारा मात्र त्यांनी तिलाही ऐकवला: ही हमी घटस्फोटानं सुटत नाही, माणूस नागरिक झाला, चाळीस क्वार्टर काम भरलं, देश कायमचा सोडला किंवा वारला, तरच सुटते. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अहो, शुभ बोला!"

काका चिडतात ते एकाच जातीवर. आमच्याकडे एक गृहस्थ पोळीभाजीचे डबे पुरवतात. धंदा झकास, सगळा रोखीत. पंधरा एप्रिल आला की हे रिटर्नवर इतके गरीब होतात की वाचून डोळ्यांत पाणी यावं. लग्न केलं, बायकोसाठी कागद घातले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना श्रीमंत दिसायची निकड पडली. "काका, खरी मिळकत तिप्पट आहे हो!" काका म्हणाले, "मग सरकारला तसं सांग. दुरुस्त रिटर्न भर, कर भर, आणि मग बायको आण." गृहस्थांनी भरला. लग्नाच्या खर्चात सगळ्यात मोठी रक्कम तीच, असं अजून सांगत फिरतात.

आणि एक पीएच.डी.वाला होता. जन्म इथलाच, बायको कोल्हापूरची, विद्यावेतन चोवीस हजार. काकांनी त्याच २०२५ च्या तक्त्यानं हिशेब मांडला: कमी पडतात २,४३७. नागरिकाच्या जोडीदारासाठी मालमत्ता फरकाच्या तिप्पट लागते, म्हणजे ७,३११.

"बँकेत आहेत का?"

"नाहीत."

"गाडी?"

"एक आहे."

"एकुलती एक धरत नाहीत. दुसरी असेल तर मोजतात."

फोनवरून मुलीच्या आईनं भीत भीत विचारलं, तिचे दागिने चालतील का? काका म्हणाले, "मुलीची मालमत्ता धरतात. पण वर्षाच्या आत विकून पैसे करता यायला हवेत, आणि मंगळसूत्र विकायचं कोणी ठरवलंय का?" मग बराच वेळ ते बिस्किटाचा पुडा नुसता फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "जॉइंट स्पॉन्सर चालतो. मी करतो सही."

अख्ख्या एडिसनच्या मिळकती चव्हाट्यावर मांडणारा हा माणूस, पण स्वतःचं रिटर्न बंद पाकिटात घेऊन आला. "उघडू नकोस. थेट स्कॅन कर," म्हणाला. पाकीट न उघडता स्कॅन कसं करायचं यावर त्या मुलानं एक अख्खी संध्याकाळ घालवली म्हणतात, आणि तो मुलगा पदार्थविज्ञानात संशोधन करत होता.

सांगलीची सीए यथावकाश नेवार्कला उतरली. पुढच्या रविवारी त्या जोडप्यानं काका-काकूंना आणि आम्हाला जेवायला बोलावलं. पहिला घास घेतानाच काकांनी विचारलं, "वीजबिल कोणाच्या नावावर येतं?" लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं, आणि ती शर्त काढायच्या वेळी संसार खरा असल्याचे पुरावे लागतात.

"माझ्या," मुलगा म्हणाला.

काकांचा घास हातातच राहिला. तेवढ्यात सूनबाई उठली, आतून एक फाइल आणली: घराचा करार दोघांच्या नावे, जॉइंट खातं, विम्याचं नामांकन, रंगीत चिठ्ठ्या, पुढे अनुक्रमणिका. "वीजबिलाचा अर्ज शुक्रवारी गेलाय," ती म्हणाली. काकांनी ताट बाजूला सारलं आणि पानं उलटायला घेतली. कागद तारखेनं लावायचे की विषयानं, यावर पाचव्या मिनिटाला दोघांची जुंपली. मुलगा वरणाचं भांडं हातात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत उभा.

"बस रे, जेवून घे तू," काकू त्याला म्हणाल्या. "सही लागली की हाक मारतील."