साहेब, डीपी जळालाय

कंपनीतून निवृत्त झालेल्या बड्या साहेबांना खासदार व्हावंसं वाटतं, यात त्यांचा काही दोष नाही. तीस वर्षं ज्यांच्या खोकल्यानंसुद्धा अख्खा मजला गप्प व्हायचा, त्यांनी सोसायटीच्या बागेत प्राणायाम करायचा म्हणजे जुलूमच. अशांची सोय राज्यसभेत होते. २००६ मध्ये प्रमोद महाजनांच्या निधनानं रिकामी झालेली जागा राहुल बजाज यांनी अपक्ष म्हणून जिंकली. मतं आमदारांची, उन्हात हिंडणं नाही. धाराशिवनं अलीकडे लोकसभेत पद्मसिंह पाटलांसारखे डॉक्टर पाठवले, रवींद्र गायकवाडांसारखे प्राध्यापक पाठवले. कंपनीवाले साहेब तेवढे राहिले. म्हणून इथे आपणच त्यांना निवडून आणू.

गाव भूमकडचं, घर पुण्याचं, भाषा मीटिंगची. निकालाच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मतदारसंघाचं प्रेझेंटेशन मागवलं. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, वर लातूरचा औसा आणि सोलापूरची बार्शी. सहा भाग, सहा रंग. कार्यकर्त्यांना ‘टीम’ म्हणाले, टार्गेट दिलं, काही शंका आहेत का विचारलं. टीमला एकच शंका होती: डिझेलचं काय?

पगार महिना १ लाख २४ हजार. एवढ्यात कंपनीत साहेबांचा ड्रायव्हर आणि त्याची गाडी निभायची. पण ते त्यांनी हसून सोसलं. हसू गेलं खासदार निधीपाशी. वर्षाला ५ कोटी ऐकून त्यांनी चेकबुक मागितलं, तेव्हा कळलं की खासदारानं काम फक्त सुचवायचं. मंजुरी, पैसा, ठेकेदार सगळं जिल्हाधिकाऱ्यांकडं. म्हणजे सही आहे, अधिकार नाही. कंपनीत असा माणूस स्वतंत्र संचालक म्हणून ठेवतात.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेची फाईल मात्र त्यांनी एकट्यानं वाचायला नको होती. लांबी ८४ किलोमीटर. २०१९ मध्ये सोलापुरात पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी, तेव्हाचा अंदाज ९०४ कोटींचा. आता आकडा ३ हजार कोटींच्या पुढं. “याची जबाबदारी कोणाची?” साहेबांनी विचारलं. खोलीतले सगळे एकमेकांकडं पाहून आदरानं हसले. कुणीतरी पेढे पुढं केले, कुंथलगिरीचे.

खरी गोची फोनची झाली. इथल्या मतदाराला खऱ्याखुऱ्या खासदार ओमराजे निंबाळकरांनी पार बिघडवून ठेवलंय. ते स्वतः फोन उचलतात, अधिकाऱ्याला तिथल्या तिथं जोडतात, आणि त्या संभाषणांच्या क्लिपा गावोगाव फिरतात. २०२४ ला ते ३ लाख २९ हजारांच्या मताधिक्यानं आले, त्यात या फोनचा वाटा किती हे माझ्या मते कोणत्याही सर्व्हेवाल्याला सांगता यायचं नाही, पण पारावरचा कुणीही सांगेल. आपल्या साहेबांचा फोन कंपनीत तिसऱ्या माणसानंतर लागायचा. त्यांनी यंत्र बसवलं: पीकविम्यासाठी एक दाबा, रस्त्यासाठी दोन, सांत्वन भेटीसाठी तीन. पाऊस होऊन सोयाबीन पाण्यात, आणि कळंबच्या आजोबांना यंत्र सांगतंय, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आजोबा म्हणाले, “मग उचल की!”

एका रात्री यंत्र बंद पडलं आणि दीड वाजता साहेबांनी स्वतः फोन उचलला.

“साहेब, लाइटचा डीपी जळालाय. चार दिवस झाले.”

“तुम्ही तक्रार नोंदवलीत का?”

“नोंदवली की.”

“मग मी एस्कलेट करतो.”

पलीकडं जरा शांतता. मागं कुणीतरी विचारत होतं, काय म्हणलालेत?

“काय की बाबा,” पलीकडचा फोनवर हात न ठेवताच म्हणाला, “करतो म्हणलालेत कायतरी. पण आधी डीपी बसवतो म्हणले असते तर बरं झालं असतं.”