बेस काऊन मारत नाई?

अमरावती-अकोला रस्ता खड्ड्यांचा होता तोवर गाडीतल्या वूफरबद्दल कोणाची तक्रार नव्हती. बडनेरा मागे पडलं की रस्ताच असा खर्ज लावायचा, की डिकीतली पेटी वाजतेय की झोपलीय याची चौकशी करायला कोणाला सवड नसे. मग 2022 च्या जूनमध्ये लोणीपासून पुढे, एका लेनच्या हिशेबाने, सलग 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरलं गेलं. गिनीज बुकात नोंद झाली, दोह्याचा जुना विक्रम मोडला आणि त्या गुळगुळीत रस्त्यावर आमच्या भाच्याला शोध लागला, की आपल्या गाडीत बेस नाहीच.

"मामा, एवढे पैसे घातले, आन् बेसच नाई मारून रायला."

वऱ्हाडात अशा वेळी एकटं पडायची सोय नाही. पानठेल्यावर नुसतं डिकीचं झाकण उघडायचा अवकाश, "माह्यं ऐक" म्हणत चार जण आत डोकावतात. एकाने वूफर उडाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच्या मते ॲम्प दुप्पट ताकदीचा हवा. तिसऱ्याकडे सायकल आहे, पण त्यामुळे त्याचं काही अडत नाही. तो म्हणाला, "अकोल्याच्या हवेतच बेस कमी येते. इकडे अमरावतीत लावून पाय." हा गृहस्थ अमरावतीचा होता हे सांगायला नकोच.

गंमत अशी, की सगळ्यात तथ्य निघालं ते या सायकलवाल्याच्या बोलण्यात. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या बंद डिकीत काय होत असेल ते सांगायला हवामान खात्याची गरज नाही. ॲम्प एका मर्यादेपलीकडे तापला की जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो किंवा हात आखडता घेतो. वूफरच्या आतली तांब्याची कॉइलही तापते. तांबं एका अंशाने तापलं की त्याचा रोध साधारण 0.4 टक्क्याने वाढतो. कॉइल दीडशे अंशांनी तापली तर रोध दीडपटीच्या वर जातो आणि आवाज बसतो. म्हणजे दुपारी अकोल्यात दबलेला बेस रात्री अमरावतीत सुटल्यासारखा वाटणं शक्य आहे. फक्त ते श्रेय रात्रीचं. अमरावती काही महाबळेश्वर नाही.

पण भाच्याचा बेस रात्रीही येत नव्हता. शेवटी गाडी एका मिस्त्रीकडे गेली. या माणसाचं मला आवडलं ते हे, की त्याने वूफरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी विचारलं, "गाणं कोनतं लावता?" प्रश्न मार्मिक होता. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणात तळाचा आवाज मुळातच बेताचा असतो. त्यातून धडाका मागणं म्हणजे कोरड्या विहिरीवर मोटर बसवणं. भाच्याची गाणी मात्र ताजी होती, त्यामुळे तो मुद्दा निकालात निघाला. मग त्याने समोरच्या स्टिरिओची सेटिंग उघडली. तिथे सबवूफरची पातळी कोणीतरी उणेमध्ये नेऊन ठेवली होती. ती वर केली, फरक पडला, पण समाधान होईना. मग सीटखालची ॲम्पची काळी तार, म्हणजे अर्थिंग, पाहिली. ती रंगावरच आवळलेली. रंगातून करंट नीट जात नाही, हे गाडी सजवणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. मिस्त्रीने पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडला आणि बोल्ट पुन्हा आवळला.

नंतर तो पेटीकडे वळला. उदबत्ती पेटवून पेटीच्या सांध्यांवरून आणि तारा आत जातात त्या जागेवरून हळूहळू फिरवू लागला. पेटी कुठे हवा सोडत असेल तर गाणं चालू असताना तिथे धूर थरथरतो. घरून गाडीत बसूनच आलेल्या आमच्या आईने ते पाहिलं आणि लगेच हात जोडले. "बरं केलं बाप्पा, आधी पूजा केली," म्हणाली. मिस्त्रीनेही तिचं मन मोडलं नाही. उरलेली उदबत्ती त्याने डॅशबोर्डवरच्या गजानन महाराजांपुढे खोचली.

पेटीत आत काही भरता येईल का, असं भाच्याने विचारलं. बंद पेटीत धागे भरले की वूफरला ती पेटी आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी वाटते, आणि बेस थोडा खाली उतरतो. भोकाच्या पेटीत मात्र तसं भरून चालत नाही. "मंग कापूस भरू," मी म्हटलं. जिथे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कापसाच्या वाणांवर वर्षानुवर्षं काम चाललंय तिथे दुसरं काय सुचणार? मिस्त्री हसला. कापूस ओल धरतो, गोळा होऊन खाली बसतो, म्हणून पॉलिस्टरच भरतात. वऱ्हाडात कापसाला आणखी एका ठिकाणी भाव मिळाला नाही.

खरा गुन्हेगार सगळ्यात शेवटी सापडला. पेटीत दोन वूफर होते. मिस्त्रीने खिशातून पेन्सिल सेल काढला आणि दोन छोट्या तारांनी एका वूफरच्या टोकांना क्षणभर टेकवला. कागदी कोन 'टक' करून बाहेर आला. दुसऱ्याला त्याच तारा तशाच टेकवल्या, तर तो आत गेला. म्हणजे बसवताना एकाच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. एक हवा ढकलतो त्याच क्षणी दुसरा ओढतो. दोघे राबतात, तापतात, करंट खातात आणि मधली हवा जागच्या जागी. तारा सरळ केल्या आणि स्टिरिओ लावला, तर समोरच्या पानठेल्यावरच्या बरण्या बोलू लागल्या.

बरण्यांचं एक सांगायला हवं. 40 हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेआठ मीटरच्या आसपास लांब असते, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दुप्पट. तिला काच आणि पत्रा फारसे अडवत नाहीत. बारीक आवाज मात्र आत अडतो. म्हणून अमरावतीच्या राजकमल चौकात शेजारी उभ्या गाडीतलं गाणं कोणतं ते कधीच कळत नाही, नुसता धम-धम पोचतो. आपल्या आवडीचा तळ फुकट वाटून वरचा गळा स्वतःसाठी ठेवणारी ही माणसं मला उदार वाटत नाहीत.

असो. बेस आला, भाचा खूश झाला आणि आम्ही तिघे अकोल्याला निघालो. बडनेरा येईपर्यंत आईने मागून चार वेळा "आवाज कमी कर" म्हटलं. आवाज कमी केला आणि बेस पुन्हा गायब! या वेळी तार, पेटी, ॲम्प सगळं नीट होतं. अमेरिकेत बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये मोजून दाखवलंय, की आवाज हळू केला की माणसाच्या कानाला सगळ्यात आधी खालचे स्वर ऐकू येईनासे होतात. त्यात गाडी पळू लागली की टायरची घरघर उरलेला खर्ज झाकून टाकते. त्या दोघांच्या गाडीत मागच्या सीटवर आई बसली होती का, याची नोंद माझ्या वाचनात नाही.

भाच्याला मात्र एक बटण माहीत होतं. लाउडनेस नावाचं. हळू आवाजातही तळ उचलून देतं. मूर्तिजापूर सोडल्यावर त्याने गुपचूप ते दाबलं. गजानन महाराजांची बावन्नी चालू होती, त्यातला ढोलक एकदम भरदार झाला. दोन मिनिटं सगळं गोड चाललं.

मग आई पुढे वाकली. "बाबू, गाडी बाजूले घे बरं."

"काऊन, आजी?"

"खालून धडधड होऊन रायली. टायर पंचर झाला काय, पाय."