लॉग काय म्हणतोय?

पेनड्राइव्ह दिसेनासा झाला की शहाणा माणूस तो काढतो, फुंकर मारतो आणि पुन्हा खुपसतो. आमच्या सोसायटीतल्या नानांसमोर ही सोय नाही. "हात लावू नका!" म्हणून ते ओरडतात, पेंग्विनचं स्टिकर लावलेला लॅपटॉप उघडतात, काळ्या पडद्यावर 'डीमेसेज' टाइप करतात आणि चष्मा कपाळावर ढकलून विचारतात, "लॉग काय म्हणतोय?"

आपण सगळे लोक काय म्हणतील या धाकात वाढलो, नाना लॉगच्या. आमटी खारट झाल्याचं वहिनींनी कबूल केलं, तर "कधीपासून? त्याआधी काय बदललं?" पुतण्याच्या लग्नात ऐन मुहूर्ताला दिवे गेले. सगळे मांडववाल्याला शिव्या देत होते, नाना जनरेटरवाल्याकडे वही मागत होते.

थ्रीजी डोंगलच्या काळात तर त्यांना जेवायला सवड नव्हती. ती डोंगलं लावली की आधी सीडी असल्याचं सोंग घेत, आत विंडोजचं सॉफ्टवेअर, मोडेम नंतर. पत्रिका द्यायला म्हणून येतो आणि विम्याची पॉलिसी गळ्यात मारून जातो, तसला पाहुणा. लिनक्सवर 'यूएसबी मोडस्विच' त्याला बजावायचं, की सोंग पुरे, कामाला लाग. नाना तेच तोंडीही बजावायचे.

मग समोरच्या इंजिनिअरिंगच्या पोरानं उबुंटू २२.०४ टाकलं आणि त्याचा स्वस्तातला आर्डुइनो बोर्ड रुसला. पोर्ट क्षणभर दिसायचा, लगेच गायब. पोरानं केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, शेवटी बोर्ड परत करायला निघाला. नानांनी लॉग वाचला. सीएच३४० चिपचा ड्रायव्हर बिचारा जागेवरच होता. अंधांचे ब्रेल डिस्प्ले चालवणारा 'बीआरएलटीटीवाय' नावाचा प्रोग्राम मधेच येऊन पोर्ट बळकावत होता. एका ब्रेल यंत्राचा आयडीही तोच, १ए८६:७५२३. त्याला वाटलं, आपलंच माणूस आलं. प्रोग्राम काढून टाकला की प्रश्न मिटला. पण नाना आधी पोराच्या आजीपर्यंत सगळ्यांना विचारून आले, "या मशीनवर ब्रेल कुणाला लागतं का?" तोवर चहा दोनदा गार झाला.

नानांचा आणखी एक नियम आहे. केबल लावल्यावर लॉगमध्ये चुकीची ओळ आली, तर ड्रायव्हरशी भांडता येतं. एकही ओळ उमटली नाही, तर ड्रायव्हरला बोल लावू नका. आधी केबल आणि पोर्ट बघा. बहुतेक वेळा ती नुसती चार्जिंगची केबल निघते, आत डेटाच्या ताराच नसतात. "कुरकुर करतोय तोवर ठीक," नाना म्हणतात, "गप्प झाला की घाबरा."

याच नियमापायी एका सकाळी ते वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंचं दार बडवत होते. बाईंचा रेडिओ रोज सहाला अख्ख्या इमारतीला उठवायचा. त्या दिवशी तो लागलाच नाही. आम्ही सगळे सुखानं कूस बदलून झोपलो. नाना उठले. बाई रात्रीपासून न्हाणीघरात पडून होत्या.

खुब्याचं हाड जुळलं. "पडले त्याचं काही नाही," बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "पण हा माणूस रोज येऊन विचारतो, कालपासून काय बदललं?" त्यांचा रेडिओ पुन्हा सहाला सुरू झालाय. त्याविरुद्ध आम्ही काही जणांनी केलेली लेखी तक्रार सोसायटीच्या फाइलमध्ये अजून आहे. ती मागे घ्यावी, असं कुणाला सुचलेलं नाही. नानांनी ती काढून वाचली. सोमवार, सहा वाजून एक मिनिट, मंगळवार, सहा, बुधवार, सहा वाजून दोन मिनिटं... असा तारीखवार तक्ता आम्ही जोडला होता.

"अरे वा," नाना मनापासून म्हणाले, "लॉग फार छान ठेवलाय तुम्ही. वाचत मात्र जा."