अथ वाहनस्थापनाविधी

बीडमध्ये चारचाकी घेणं सोपं आहे. कर्ज मिळतं, हार मिळतो, चाकाखाली ठेवायला लिंबं मिळतात, पेढे वाटतानाचा फोटो शोरूमवालाच काढून देतो. गाडी लावायची कुठं, हे मात्र कुणी सांगत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत विधी सिद्ध केला आहे. सुभाष रोड, कारंजा, भाजी मंडई, धोंडीपुरा आणि माळीवेस या क्षेत्रांत तो जसाच्या तसा लागू पडतो. बाहेरगावच्या वाचकांनी आपापल्या कुळाचाराप्रमाणे फेरफार करावेत. सर्व उदाहरणं आमच्या दाजींच्या आचरणातून घेतली आहेत. दाजी थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे तोंडावर काही बोलायची सोय नाही. म्हणून हा ग्रंथप्रपंच.

अधिकारनिर्णय

वाहनस्थापनेचा अधिकार कोणाला? ज्याच्याकडं जागा आहे त्याला, असं शास्त्र सांगतं. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यात मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर आणि दुचाकीला एक बाय दोन मीटर जागा धरली आहे. हे आकडे नकाशावर फार शोभून दिसतात. नकाशातलं तळघरही पार्किंगचंच असतं. इमारत उभी राहिली की तळघरात आधी मेडिकल येतं, मग लॅब, मग जिन्याखाली झेरॉक्सवाला. भिंतीवर रंगवलेला 'पी' तेवढा शिल्लक राहतो, आणि त्याच्याखाली पेशंटांच्या चपला.

दाजींची स्कॉर्पिओ साधारण साडेचार मीटर लांब आणि एक मीटर ऐंशी सेंटिमीटर रुंद आहे. आरसे आणि दाजींचा कोपर वेगळा. त्यांचं घर धोंडीपुऱ्यात, जुन्या वाड्यांच्या गल्लीत. तिथं समोरासमोरून दोन मोटारसायकली आल्या तर एकानं भिंतीला टेकून उभं राहायचं असतं. गल्ली बांधणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. याच शहराबाहेर सलाबतखानानं १५८२ साली खजाना बावडी बांधली. दुष्काळी मुलखात पाणी कुठं शोधायचं, कसं साठवायचं, उतारानं शेतापर्यंत कसं न्यायचं, सगळ्याचा त्यानं विचार केला. दाजी स्कॉर्पिओ घेतील हा विचार त्याच्याही मनाला शिवला नाही.

सबब गेल्या पाडव्यापासून ती गाडी माझ्या फाटकासमोर उभी असते.

संकल्प

हातात पाणी घेण्याची गरज नाही. इंजिन बंद करावं, चारही इंडिकेटर चालू करावेत, शेजारच्या दुकानदाराकडं पाहून उजवा हात वर करावा आणि मोठ्यानं म्हणावं, "दोन मिन्टात आलो!" एवढ्यानं संकल्प पूर्ण होतो.

या दोन मिनिटांचं मान स्थळपरत्वे बदलतं. एटीएमसमोरची दोन मिनिटं म्हणजे पंधरा. मेडिकलसमोरची म्हणजे अर्धा तास, कारण मेडिकलवाला ओळखीचा निघतो. सोनाराकडची दोन मिनिटं माणूस किती तोळ्यांचा आहे त्यावर अवलंबून. साडीच्या दुकानासमोर 'दोन मिन्टात आलो' म्हणणाऱ्यानं घरून डबा आणावा. लग्नाचा बस्ता असेल तर आपल्यामागं अडकलेल्या माणसाचाही आणावा.

इंडिकेटर लावले की गाडी कायद्याच्या पलीकडं जाते, अशी दाजींची श्रद्धा आहे. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्यातलं कलम १२२ दुसऱ्याला धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जाऊ नका म्हणतं, आणि १२७ अशी गाडी उचलून नेण्याची सोय करून ठेवतं. चार इंडिकेटर लावणाऱ्याला त्यात कुठंही माफी नाही. पोलीस आता काचेवर चिठ्ठी चिकटवत नाहीत. लांबूनच फोटो काढतात आणि चलन मोबाइलवर येतं. दाजींच्या गाडीला भाच्याचा नंबर जोडलेला आहे आणि भाचा पुण्याला शिकतो. त्यामुळं दाजींना आजवर एकही दंड झालेला नाही, असं ते चारचौघांत सांगतात.

मुहूर्त

हा भाग गंभीरपणे वाचावा. सुभाष रोडवर काम असेल तर सकाळी दहाच्या आत उरकावं. दुकानांची शटर वर जाताना पहिल्या गाड्या दुकानदारांच्या लागतात, नोकरांच्या मागून, आणि गिऱ्हाईक तिसऱ्या रांगेत येतं. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार रस्ता मोकळा असतो, कारण तेव्हा बाहेर पडण्यात शहाणपणा नसतो. सावलीत लावायची तर आता सावली कुठं आहे ते पाहू नये, परत येऊ तेव्हा कुठं असेल ते पाहावं. कडुलिंब चांगला. संध्याकाळी ज्या झाडावर बगळे उतरतात ते वर्ज्य. आठवडी बाजार, दिवाळीआधीचा आठवडा आणि रमजानचे शेवटचे दहा दिवस जुन्या बाजारात पायी जावं. खायलाही पायीच सोयीचं पडतं.

दाट लग्नतिथीला कोणतंही मंगल कार्यालय असलेला रस्ता टाळावा. एवढंच.

दुचाकीविषयी

रांगेत दुचाकी लावताना डबल स्टँड लावावा. साइड स्टँडवर गाडी कलते आणि दीड गाडीची जागा खाते. हँडल लॉक करू नये, गिअरमध्ये ठेवू नये. आपल्या मागं लावणाऱ्याला गाडी सरकवता आली पाहिजे, नाहीतर तो ती आडवी करून जाईल. दुसऱ्याची लॉक केलेली गाडी हलवायची झाली तर ओढाताण करू नये. ती साइड स्टँडवर असेल तर स्टँडच्या बाजूला थोडी कलवावी, दोन्ही चाकं जमिनीपासून सुटली की जागच्या जागी फिरते. हे काम पन्नाशीनंतर करू नये. माझी कंबर याला साक्षी आहे, कारण स्कॉर्पिओमुळं माझी स्प्लेंडर रोज सकाळी मला अशीच गिरकी देऊन फाटकाच्या फटीतून काढावी लागते.

काळ्या स्प्लेंडरीबद्दल स्वतंत्र सूचना. बाजारातल्या कुठल्याही रांगेत निम्म्या गाड्या त्याच असतात. पंधरा वर्षं वापरलेल्या गाडीचं कुलूप इतकं झिजतं, की त्याला चावीचा आग्रह उरत नाही. नंबर पाहूनच किक मारावी.

येऊ-द्या

मोठी गाडी मागं घेऊ लागलात की हवेतून एक मनुष्य प्रकट होतो. त्याला कुणी बोलावलेलं नसतं. तो तुमच्या मागं उभा राहून एका हातानं हवा ओढू लागतो. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... फुल काट मारा... येऊ द्या..." पुढचा शब्द 'बास' असतो, आणि तो बंपर खांबाला टेकल्यावर येतो. मग गाडीच्या पाठीवर दोन थापा पडतात. हा मनुष्य बहुधा तुम्हाला आरशात दिसत नाही, कारण त्याला गाडीपेक्षा खांबाची काळजी असते आणि तो खांबापाशीच उभा असतो. त्याचं ऐकू नये, पण त्याला नाराजही करू नये. परत येईपर्यंत गाडीवर नजर तोच ठेवणार असतो. दाजी त्याला न विसरता चहाला बोलावतात. यामुळं शहरातल्या प्रत्येक खांबापाशी दाजींचा एक माणूस आहे.

नंबर आणि काच

४१४१ लिहिताना अंकांना वळण दिलं की 'दादा' होतं आणि ८०५५ लिहिलं की 'बॉस' होतं. दोन्ही नंबरांना जागा आपोआप होते असा समज आहे. नियमाप्रमाणं पाटीवरचे अंक वाकवता येत नाहीत. मागच्या काचेवरचा फोटो निवडणुकीच्या निकालानंतर बदलावा.

परदेशातला दाखला

जपानमध्ये १९६२च्या कायद्यापासून गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला दिल्याशिवाय मोटारीची नोंदणी होत नाही. जागाही घरापासून जवळच लागते. २०२५ साली आपल्या परिवहनमंत्र्यांनी असंच काही महाराष्ट्रात आणायचं बोलून दाखवलं, तेव्हा मला फार आनंद झाला. पेपर घेऊन मी दाजींकडं गेलो.

दाजींनी बातमी शांतपणे वाचली. म्हणाले, "त्यात काय एवढं? सात-बारा देऊ की. दीड एकर मोकळंच हाय गावाकडं."

"दाजी, गाव इथून तीस किलोमीटर हाय."

"मग गाडी कशाला घेतलीय?"

शांतिपाठ

इथं एक गोष्ट नोंदवणं भाग आहे. गेल्या पावसाळ्यात आईला रात्री दीडला छत्रपती संभाजीनगरला हलवावं लागलं. मी फोन केला तेव्हा दाजी मोटारसायकलवर निघालेच होते. स्कॉर्पिओ फाटकासमोर होती म्हणून आईला उचलून दोन पावलांत आत बसवता आलं. दाजींनी वाटेत कुठं चहालाही थांबवलं नाही. दवाखान्यात पोचल्यावर गाडी 'फक्त डॉक्टरांसाठी' अशी पाटी असलेल्या जागेत लावली आणि सीट मागं टाकून तिच्यातच झोपले. सकाळी वॉचमन त्यांना चहा आणून देत होता.

आई आता बरी आहे. गाडी फाटकासमोरच आहे.

उद्यापन

लावलेली गाडी काढणं हा विधीचा शेवटचा भाग. काढायच्या आधी तिच्यापुढं लावलेल्या गाड्यांचे मालक शोधावे लागतात. सर्वांत सोपी रीत म्हणजे ती काढूच नये. दाजी हीच पाळतात. मंडईत जायचं असलं की माझ्याकडं येतात. "मेव्हणं, तुमची स्प्लेंडर न्हेतो जरा. स्कॉर्पिओ कुठं घालता त्या गर्दीत!" मग मी कामाला पायी जातो.

परवाही ते असेच गेले आणि हँडलला भाजीची पिशवी लटकावून आले. गाडी आत घेताना मला टाकीवर 'आईचा आशीर्वाद' लिहिलेलं दिसलं. माझ्या टाकीवर असं काही नाही.

"दाजी, ही कुणाची आणली?"

दाजींनी चावीकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. "चालू तर झाली की," म्हणाले.

त्याच गाडीवर डबलसीट परत मंडईत गेलो. मूळ मालक माझ्या स्प्लेंडरवर बसून फोनवर कुणाला तरी चोराचं वर्णन सांगत होता. दाजींना पाहून थांबला. "अवो मामा, तुम्ही व्हय!" तो निघाला दाजींच्या आत्याच्या सासरचा. चहा झाला, आत्याच्या गुडघ्याची चौकशी झाली. दसऱ्याला बोलेरो घ्यायचं त्याच्या मनात आहे, पण गल्लीत लावायला जागा नाही म्हणून अडलंय, असं तो म्हणाला.

दाजींनी बशी खाली ठेवली. "जागेचं काय घेऊन बसलाव? आमच्या मेव्हण्याच्या दाराम्होरं लई जागा हाय."